बाईंचा पहिला प्रश्न

अन्याय झाला तो साक्षीवर आणि तिच्या शाळेतल्या सगळ्या पोरांवर. कधी झाला तेही सांगते, कारण वेळ न सांगता केलेली तक्रार कोणी मनावर घेत नाही. मागच्या वर्षी दिव्याची अमावस्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, श्रावण लागला त्या सकाळी, प्रार्थना संपून गुरुजी हजेरी घेत होते तेव्हा. पोलादपूरच्या वरच्या खोऱ्यातली ही दोन खोल्यांची शाळा. तिच्यापुढे मुंबईहून टेम्पो येऊन उभा राहिला. "पोरांनो, जरा बाहेर व्हा," असं कोणीतरी म्हणालं आणि पोरं बाहेर झाली. आत जुन्या कपड्यांचे गठ्ठे गेले, पार पत्र्याला टेकेपर्यंत. मग दाराला कुलूप लागलं आणि कुलपासमोर उभं राहून आणणाऱ्यांनी फोटो काढला. फोटोत मागे पोरं भिजत उभी आहेत. ती हसताहेत, कारण त्यांना हसायला सांगितलं होतं.

दुसऱ्या खोलीत आधीच वरच्या वाडीतली कुटुंबं राहत होती. तळीयेवर दरड कोसळली त्या वर्षापासून या वाडीच्या वरच्या अंगालाही जमिनीला भेग आहे. दर पावसाळ्यात तहसीलमधून नोटीस येते, माणसं भांडीकुंडी घेऊन खाली शाळेत उतरतात, पाऊस सरला की परत वर जातात. म्हणजे एका खोलीत माणसं, दुसऱ्या खोलीत चिंध्या आणि शाळा एसटीच्या थांब्यावर. हे मी अलंकारिक लिहीत नाही. रस्त्याकडेच्या एसटी थांब्याच्या शेडमध्ये गुरुजी फळा टेकवून शिकवत होते. गाडी आली की धडा थांबायचा. पहिलीतली पोरं गाडीची पाटी वाचत वाचत अक्षरं शिकली.

मी तेव्हा मुलांसाठी काम करणाऱ्या एका मदतसंस्थेच्या महाडच्या कार्यालयात नुकतीच लागले होते. पदाचं नाव होतं कनिष्ठ आपत्कालीन अधिकारी. त्याआधी कॉलेजात असताना पत्रकं लिहायची, वाटायची आणि पोलिसांनी हिसकावली की पुन्हा छापायची, एवढंच काम मला येत होतं. पहिल्या दिवशी कार्यालयप्रमुख बाईंनी माझं नेमणुकीचं पत्र वाचलं, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाल्या, "कनिष्ठ, आणि वर आपत्कालीन. म्हणजे नवखी ती नवखी आणि परत घाईत. बस. चहा घे."

या बाईंबद्दलच मला सांगायचंय.

वय निवृत्तीला टेकलेलं, बांधा बुटका, पायात पुरुषांच्या काळ्या गमबुटांची जोडी. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. महाडच्या बौद्धवाडीत जन्मल्या, तिथंच वाढल्या, अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका म्हणून महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके पायी तुडवले आणि मग या संस्थेत आल्या. गळ्यात शिट्टी. खांद्याच्या पिशवीला बाहेरून एक स्टीलचा पेला बांधलेला. चालताना तो शिट्टीवर आपटायचा, त्यामुळे बाई यायच्या आधी बाईंचा आवाज यायचा.

पेल्याचं कारण मला पहिल्या दौऱ्यातच कळलं. एका घरी चहा आला. मला स्टीलच्या कपात, बाईंना कागदी कपात. मी लगेच उसळले. बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला, पेला सोडून पुढे केला आणि घरधनीणीला गोडीत म्हणाल्या, "ह्यात ओत गो बाय. कागदाचा घोट मला गिळवत नाय." त्या बाईने चहा ओतला. ओतताना तिची मान खाली होती. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललेच की. माझा पेला तिच्या हातात दिला. ह्याच्यापेक्षा मोठ्यानं कसं बोलतात?"

मला ते तेव्हा पटलं नाही. पूर्ण आजही पटत नाही. पण त्या घरी पुन्हा गेलो तेव्हा बाईंना स्टीलच्या कपात चहा आला, आणि बाईंनी तो आपल्या पेल्यात ओतून घेतला. "आता सवय झाली," म्हणाल्या. हसल्या. घरधनीणही हसली.

बाईंच्या जीपमध्ये एक शब्द बोलायला बंदी होती. लाभार्थी. ज्याच्या तोंडून तो निघेल त्याने अख्खं गाणं म्हणायचं, कडव्यांसकट. आमचे ड्रायव्हर दिलावरभाई घाटात मुद्दाम तो शब्द काढायचे, कारण त्यांना गायला आवडायचं. एकदा मुंबईच्या मुख्य कार्यालयातून एक साहेब आले. महाड ते पोलादपूर एवढ्या अंतरात त्यांच्या तोंडून तो शब्द इतक्या वेळा निघाला की शेवटी त्यांची गाणी संपली आणि ते राष्ट्रगीतावर आले. बाईंनी लगेच जीप थांबवायला लावली, आम्हां सगळ्यांना पावसात खाली उतरवून सावधान उभं केलं. साहेब पूर्ण गायले. भिजले. पण त्यानंतरच्या त्यांच्या प्रत्येक पत्रात 'मुलं' असाच शब्द असायचा.

आणि त्यांचा तो पहिला प्रश्न. कुठल्याही वाडीत, कुठल्याही छावणीत, शाळेत गेलं की बाई कोणाला नमस्कार करायच्या आधी सगळ्यात जवळच्या पोराला विचारायच्या, "काय रे, शू ला कुठं जाता?"

सरपंच समोर हार घेऊन उभे असायचे. कधी तालुक्याचे अधिकारी असायचे. बाईंना त्याचं काही नाही. पोरगं बोट दाखवील तिकडे गमबूट तुडवत जायच्या, बघून यायच्या आणि मगच हार घ्यायच्या. मी एकदा विचारलं की अन्न, पाणी, औषधं सोडून हेच का आधी.

"अन्नाचं विचारलं तर मोठी माणसं उत्तर देतात," बाई म्हणाल्या. "हे विचारलं की पोरंच देतात, आणि खरं देतात. पोरगी लांब झाडीत जाते म्हणाली, तर तिथं दार नाय. अंधार व्हायची वाट बघते म्हणाली, तर तिथं कोणीतरी हाय, ज्याची तिला भीती वाटते. आणि मी जातच नाय म्हणाली, तर ती पाणी पीत नाय. ह्याच्यापुढं तुझे ते चार पानी अहवाल."

त्या श्रावणात आम्ही एसटीच्या थांब्यावर पोचलो तेव्हा बाईंनी हा प्रश्न साक्षीला विचारला. साक्षी चौथीत. दोन वेण्या, गुडघ्यावर पाटी. तिने आधी गुरुजींकडे बघितलं. मग म्हणाली, "शाळेतल्या मुतारीचं दार मोडलंय. आणि तिथं आता वाडीतली सगळी माणसं जातात. मी घरी गेल्यावर जाते."

"घर कुठं तुझं?"

"वर." तिने पावसाळ्यापुरत्या रिकाम्या केलेल्या वाडीकडे बोट दाखवलं.

म्हणजे घरची माणसं खाली शाळेत असताना पोरगी दिवसभर थांबत होती आणि संध्याकाळी, नोटीस लागलेल्या, भेग पडलेल्या घराकडे एकटी चढत होती. बाईंचा चेहरा बदललेला मी फार क्वचित पाहिलाय. तेव्हा पाहिला.

गुरुजी मूळ बीडकडचे. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, आनखी एक गोष्टंय. हिचा चुलता मुंबईला असतो. गणपतीला आला की हिला घेऊन जायचं म्हनतोय. त्याच्या घरी लहान लेकरूय, ते सांभाळायला. हिचा बाप म्हनतो, शाळा तर बंदच हाय, न्यू द्या. एक गेली की दुसरीही जाईल. मग पट कमी झाला म्हनून शाळाच उचलतील वरचे."

तर असं होतं. गणपतीच्या आत खोली रिकामी झाली नाही, तर साक्षी मुंबईला भांडी घासायला आणि लेकरू खेळवायला जाणार होती. लेकरू सांभाळणं असं गोड नाव दिलं तरी मी त्याला तेच म्हणते.

"कुलूप तोडू," मी म्हटलं.

"कुलूप गावकीचं हाय," बाई म्हणाल्या. "गावकीला विचारू."

गावकी म्हणजे गावातली कर्ती माणसं. देवळातल्या सभामंडपात बसली. त्यांचंही मी ऐकून घ्यायला हवं होतं, पण तेव्हा माझे कान लाल झाले होते. प्रमुख म्हातारबुवा म्हणाले, "म्याडम, कपडे काय कामाचं नाय ते आमाला बी दिसतंय. पन आमच्याच पोरांनी धाडलंय ना. मुंबईच्या मंडळानं. डुटी करून, रात्रीचं दारोदार फिरून गोळा केलंय त्यांनी. परत कसं करायचं? गणपतीला येतील, इचारतील, आमी दिल्याला काय केलंत? काय सांगायचं त्यांना? नाय आवडलं?"

"मग वाटून टाका," मी म्हटलं.

"कोन घेनार? अर्ध्यांना बटनं नाय, अर्ध्यांना बाह्या नाय. एक तर लग्नातला घागरा हाय, टिकल्या लावल्याला. आमची म्हातारी घालनार काय शेतावर?"

सगळे हसले. आणि कुलूप जागच्या जागी राहिलं. हे लक्षात घ्या. कोणी दुष्ट नव्हतं. मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या माणसांनी गावावरच्या मायेपोटी ते गोळा केलं होतं. गावाने त्या मायेचा मान राखायचा म्हणून ते साठवलं होतं. आणि दोन्हीकडच्या या मायेची किंमत पोरं रस्त्यावर बसून चुकवत होती. मला दुष्ट माणूस हवा होता. पत्रकात दुष्ट माणूस नसला की पत्रक उभंच राहत नाही. तरी मी रात्री बसून मजकूर तयार केला. मथळा होता, 'शाळेत चिंध्या, पोरं रस्त्यावर!' सकाळी बाईंना दाखवला.

त्यांनी उभ्या उभ्या पूर्ण वाचला. "छान लिहिलंयस. गुरुजींना दे, पोरांना शुद्धलेखनाला होईल." आणि मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. तो अध्यक्ष म्हणजेच साक्षीचा चुलता, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. फोनवर बाईंचा आवाज साखरेसारखा झाला.

"अध्यक्षसाहेब, तुमच्या मंडळाचं काम बघितलं. गावानं ठरवलंय, तुमचा सत्कार करायचा. हो, हो, सगळ्या कमिटीचा. रविवारी या. बॅनर आणा."

मी चिडून विचारलं, "सत्कार? त्यांचा?"

"नारळ आणून ठेव," बाई म्हणाल्या. "शाल नको. शालीचं बघते मी."

रविवारी पावसाने जरा उघडीप दिली होती. शाळेच्या ओसरीवर सतरंजी, समोर सगळं गाव, गावकी पुढे, पोरं सगळ्यात पुढे. मंडळाची माणसं जीपमधून उतरली. इस्त्रीचे पांढरे शर्ट, कपाळावर गंध. अध्यक्ष बुटके, हसरे, एका इमारतीत लिफ्ट चालवणारे. साक्षीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि म्हणाले, "काय गो, तयारी झाली ना बोरीबंदरची?" त्यांच्या खिशातून चॉकलेट निघालं, ते तिने घेतलं, पण फोडलं नाही.

बाईंनी शिट्टी वाजवली. सभा गप्प झाली.

"आज ज्यांनी गावासाठी एवढं केलं त्यांचा सत्कार आपण करतोय," बाई म्हणाल्या. "सत्काराला शाल लागते. पण पाहुण्यांनीच एवढी वस्त्रं पाठवली असताना बाजारातून शाल आणणं म्हणजे त्यांचा अपमान. म्हातारबुवा, कुलूप काढा."

कुलूप निघालं. बाई आत गेल्या, पहिल्या गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर आल्या. अध्यक्षांच्या खांद्यावर त्यांनी एक फिकट गुलाबी गाऊन पांघरला. पाठीवर उभा फाटलेला, गळ्याशी हळदीचा डाग. हातात नारळ दिला. टाळ्या वाजवायला आधी कोणी धजेना. मग बाईंनी स्वतः वाजवल्या. उपाध्यक्षांना एका बाहीचा कोट. सचिवांना कोणत्यातरी इंग्रजी शाळेची टाय, आणि खजिनदारांना तो टिकल्यांचा घागरा, खांद्यावरून. खजिनदार चांगले दणकट. घागरा त्यांच्या अंगावर उजेडात चमकायला लागला आणि पहिलं हसू कुठल्यातरी पोराचं फुटलं. मग सगळं गावच फुटलं.

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला. सत्कार नाकारता येत नाही, ही आपल्याकडची रीत. नारळ हातात घेतला की शाल काढून फेकता येत नाही. तसे ते गाऊन पांघरून उभे राहिले आणि म्हणाले, "म्याडम, आमची टिंगल करायला बोलावलं काय? सहा मजल्यांच्या बिल्डिंगा चढलोय आमी. लिफ्टमधून नाय, चालत. डुटी संपल्यावर. एकेका दारात हात जोडलेत."

मला वाटलं, संपलं. आता हे उठतील आणि पोरीला आजच घेऊन जातील.

बाई त्यांच्या अगदी समोर गेल्या. "माहीत हाय मला," त्या म्हणाल्या, आणि आवाजात साखर नव्हती. "म्हणूनच बोलावलं. अध्यक्ष, चिंधी ही चिंधी हाय. तुमचं चढणं चिंधी नाय. त्या दारातल्या माणसांनी तुमच्या हातात जे टाकलं, ते त्यांनी स्वतःच्या भावाच्या अंगावर टाकलं असतं काय? त्यांनी तुम्हाला फसवलं. तुम्ही गावाला. आणि गाव तुमची लाज राखायला पोरांना रस्त्यावर बसवतंय. तुमच्या पुतणीला विचारा ती शू ला कुठं जाते."

अध्यक्षांनी साक्षीकडे बघितलं. माणसं एवढी, तरी ती घाबरली नाही. बाईंना सांगितलं होतं तेच तिने सांगितलं. मुतारीचं दार. दिवसभर थांबणं. संध्याकाळी वर जाणं.

"वरच्या घरात? एकटी?" अध्यक्षांनी भावाकडे, म्हणजे तिच्या बापाकडे बघितलं. बाप जमिनीकडे बघत होता.

अध्यक्षांनी नारळ ओसरीवर ठेवला. पण गाऊन काढला नाही. त्यांनी त्याचा पदर केला आणि कंबरेला खोचला. "चला रे," ते कमिटीला म्हणाले. "आपलं आपणच उचलायचं."

त्या दिवसाचं दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. टिकल्यांच्या घागऱ्यातले खजिनदार डोक्यावर गठ्ठा घेऊन चिखलातून चाललेत. मागून टायवाले सचिव. बायका ओसरीवर बसून जे खरंच घालण्याजोगं होतं ते न लाजता बाजूला काढताहेत, कारण आता त्यांना ते कोणी दिलेलं नव्हतं, त्या स्वतः निवडत होत्या. दिलावरभाई गाडीच्या टपावर उभे राहून गठ्ठे झेलताहेत आणि मोठमोठ्याने 'लाभार्थी, लाभार्थी' ओरडून लगेच गाताहेत. पोरं आतून फळा पुसायला धावली. साक्षीने चॉकलेट फोडलं.

उरलेल्या चिंध्या बिरवाडीला गेल्या. तिथं कारखान्यांना यंत्रं पुसायला चिंध्या लागतात, आणि बाईंना त्या घेणारा भंगारवाला ठाऊक होता. त्याच्याकडून बदल्यात त्यांनी एक लोखंडी दार घेतलं, कडीसकट. ते जीपच्या टपावर बांधून आणलं. मुतारीला बसवायला अध्यक्ष स्वतः थांबले, सुट्टी वाढवून. बिजागऱ्या बसल्यावर बाईंनी दार उघडझाप करून बघितलं, कडी आतून लागते ना ते बघितलं, आणि साक्षीला म्हणाल्या, "उद्घाटन तू कर." पोरं इतकी हसली की गुरुजींना हजेरी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागली.

गणपती आले. अध्यक्ष आले. त्यांच्याबरोबर मुंबईला नारळ गेले, तांदूळ गेले. साक्षी गेली नाही. "राहू दे तिला," एवढंच ते म्हणाले. त्यांच्या बायकोने पाळणाघर शोधलं. शोधलं की मिळतं.

बाई यंदा निवृत्त झाल्या. निरोपाला आम्ही शाल आणली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून, शिवण ओढून बघितली आणि मगच खांद्यावर घेतली. महाडला त्यांच्या घरी जाते मी अधूनमधून. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी ठेवतात पुढ्यात. मी माझ्या कामाचं सांगते. मोर्चे, निवेदनं, कुठल्या वाडीत काय चाललंय. त्या ऐकतात, डोळे मिटून, पाय ताणून, अगदी निवांत. सगळं सांगून झालं की एक डोळा उघडतात. "ते सगळं ठीक, पत्रकवाली. तिथली पोरं शू ला कुठं जातात?"

कधी कधी मला सांगता येत नाही. मग दुसऱ्या दिवशी पहिली गाडी पकडून परत जाते.

वरच्या वाडीची भेग तशीच आहे. पावसाळ्यात माणसं अजून त्याच खोलीत उतरतात, आणि त्यांना राहायला जागा द्या म्हणून आमची निवेदनं तालुक्याला पडून आहेत. ते भांडण मी सोडलेलं नाही. पण चिंध्यांनी भरलेली ती खोली आता शाळेचीच आहे.

आता तुमच्याकडे वळते. पूर येईल, दरड येईल, तुमच्या सोसायटीत कोणीतरी दारात हात जोडून उभा राहील. तुम्ही कपाटातून गठ्ठा काढाल. थांबा. त्यातला प्रत्येक कपडा आधी स्वतःच्या अंगावर घाला आणि तो घालून खाली वाण्याकडे जाऊन या. जाववत नसेल तर तो पाठवू नका. आणि पावसाळा लागायच्या आत एकदा आपल्या गावच्या शाळेत जा. हार घेऊ नका, भाषण करू नका, फोटो काढू नका. सगळ्यात जवळच्या पोरीला बाईंचा प्रश्न विचारा. ती बोट दाखवील तिकडे चालत जा, दार उघडा, आणि कडी आतून लागते का ते स्वतःच्या हाताने लावून बघा. लागत नसेल, तर ती लागेपर्यंत घरी जाऊ नका.